गँगोल्फची सही
मूल ज्या दिवशी जन्मेल त्या दिवशीच्या संताचं नाव त्याला ठेवायचं, ही आमच्या जर्मनीतल्या फ्रँकोनिया प्रांतातली जुनी खोड. गँगोल्फ मे महिन्यातल्या चुकीच्या दिवशी जन्मला. नाव जुन्या जर्मन भाषेतलं: अर्धं चालीचं, अर्धं लांडग्याचं. लांडग्याच्या चालीने लढाईला निघणारा, असा त्याचा रुबाब. पण त्या नावाच्या संताला बायकोने फसवलं आणि तिच्या याराने मारलं. तेव्हापासून फसलेले नवरे त्याच्यापुढे मेणबत्त्या लावतात.

आमचा गँगोल्फ भिंतींवर चित्रं काढायचा. मी गवंडी, त्याच्या चित्रासाठी भिंतीवर ओल्या चुन्याचा थर देऊन द्यायचो. खाणावळवाला आल्बान चाळीस वर्षं त्याला बिअर देताना विचारत आला, तुझी वाल्बुर्ग आत्ता कुणाकडे आहे? ती बिचारी घरी नवऱ्याचेच रंग घोटत असायची. गँगोल्फ हसून घ्यायचा आणि चित्राखाली नावाचं फक्त पहिलं अक्षर टाकायचा.

त्या वर्षी चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर त्याच संताची गोष्ट काढायचं काम त्याला मिळालं. हात थरथरायला लागलेत, हे शेवटचं, याखाली पूर्ण नाव लिहिणार, असं तो म्हणाला. फादर ओटमार नको म्हणाले. बाहेरगावचे लोक आधी चित्र बघणार, मग चिताऱ्याचं नाव वाचणार, आणि वाल्बुर्गची शोभा होणार.

"शोभा चाळीस वर्षं झालीच आहे, फादर," वाल्बुर्ग म्हणाली. "आता नाव लपवलं, तर लोकांना खरंच वाटेल."

फादर ऐकेनात.

आमच्याकडे चितारी चेहरे गावातलेच घेतात. आतल्या भिंतीवरच्या, येशूला दगा देणाऱ्या जुडासला बेकरीवाल्याच्या आजोबांचं नाक आहे, आणि ते घराणं अजून त्या बाजूला बसत नाही. गँगोल्फने संत काढला, बायको काढली, बायकोचं पाप उघडं पाडणारा झरा काढला. शेवटच्या सकाळी यार उरला. मी चुना लावला. दुपारी तो सुकला की नवा रंग धरत नाही आणि जुना निघत नाही. गँगोल्फने याराचं अंग रंगवलं, डोकं कोरं ठेवलं आणि परांचीवर बसून पाव खायला लागला.

आधी आल्बान आला, डुकराची धुरावलेली मांडी घेऊन. आपला चेहरा चित्रात बरा दिसत नाही, म्हणाला. मग बेकरीवाला आला. मग वाइनची बाटली झग्यात लपवून फादर आले. पोथीतला यार पाद्रीच होता, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अरे, कुणाचं तोंड काढणार आहेस?"

"ठरवतोय, फादर. सहीचं मिटलं की सुचेल."

फादरांनी चुन्याला बोट लावलं. बोट जेमतेम ओलं झालं; आणखी थोडा वेळ गेला असता, तर यार कायमचा बिनडोक्याचा राहिला असता.

"लिही पूर्ण."

"अक्षरं केवढी?"

"तुझ्या बापाला थडग्यातून वाचता येतील एवढी. पण आवर आता."

गँगोल्फने वीत वीत अक्षरं काढली, हात थरथरत असूनही. मग यार पाठमोरा केला आणि डोक्यामागे नाण्याएवढं टक्कल ठेवलं.

रविवारी बायका भिंतीपुढे उभ्या राहून आपापल्या नवऱ्याची पाठ आठवत होत्या. आल्बानची बायको तर जेवायलाही गेली नाही. वाल्बुर्ग त्या नावाला टेकून उभी होती. कुणी नाव वाचून हसायला लागला, की ती त्याला पाठमोरं उभं राहायला सांगायची.