बिनहातांची खुर्ची आणि माधवरावांचा अर्ज

मी खुर्ची बोलतेय. लाकडी, चार पायांची, पाठीला दोन पट्ट्या असलेली आणि हात नसलेली. हे शेवटचं आधीच सांगून टाकते, कारण माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

१९६४ साली कळंब्याच्या तुरुंगात कैद्यांनी मला घडवलं. ज्या सागाच्या ओंडक्यातून मी निघाले, त्याच ओंडक्यातून माझी बहीणही निघाली. गुंडू नावाच्या कैद्यानं दोघींना रंधा मारला, एकाच डब्यातलं पॉलिश लावलं. पण मागणीच तशी आली होती. एक खुर्ची हातांची, हेडक्लार्कसाठी. बाकीच्या बिनहातांच्या, कारकुनांसाठी. गुंडूनं तिला दोन गोल, गुळगुळीत हात बसवले. मी शेजारी उभी राहून बघत होते.

कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीत आम्ही एकाच हातगाडीवरून आलो. ती खिडकीजवळ, पंख्याखाली गेली. मी दाराजवळ, फायलींच्या रॅकला टेकून. रोज तिच्याकडे बघायचं आणि जळायचं, हाच माझा दिनक्रम झाला. एक मात्र माझ्या ध्यानात आलं. कोपर टेकायला जागा मिळाली की माणसाचा आवाज बदलतो. तो हळू बोलतो, आणि समोरचे कान देऊन ऐकतात.

माझ्यावर बसायचे माधवराव. राहायला मंगळवार पेठेत, अक्षर मोत्यासारखं, इस्त्रीचा शर्ट. त्यांच्या बायकोनं, विमलाबाईंनी, जुन्या इरकली लुगड्याची गादी शिवून माझ्यावर घातली होती. सकाळी आले की ते रुमालानं माझी पाठ पुसत आणि खिडकीकडे एकदा बघून घेत. मला कळायचं ते काय बघतात ते. मीही तिकडेच बघत असायची.

दोन वर्षांनी शेजारच्या टेबलावर अंबादास आला. नेसरीकडचा. घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारलेला. बापानं दुसऱ्याच्या रानात राबून पोराला शिकवलं होतं. अंबादासचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दुपारी दोघं एकाच टेबलावर डबा उघडत.

"माधवराव, वैनींच्या हातची आमटी म्हंजे इषयच न्हाय," अंबादास म्हणायचा. "जरा जास्त देत जावा म्हणावं. मलाबी लागती."

"आणि तुझ्या आईच्या शेंगदाण्याच्या चटणीचं काय? तिचा निम्मा डबा मीच संपवतो," माधवराव हसत.

अशी नऊ वर्षं गेली. १९७५ मध्ये हेडक्लार्क निवृत्त झाले. पुढचा नंबर माधवरावांचा, असं सगळेच म्हणत होते. नोकरीत ते अंबादासच्या आधी लागलेले. विमलाबाई नृसिंहवाडीला जाऊन नवस बोलून आल्या. माधवरावांनी नवा कोट शिवायला टाकला. मीसुद्धा मनात म्हटलं, माझा माणूस त्या खिडकीपाशी बसला तर निदान मला सांगायला तोंड राहील.

ऑर्डर आली ती अंबादासच्या नावाची.

कचेरीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. हळू आवाजात मात्र सगळेच एक शब्द बोलले. राखीव जागा. बढतीतही राखीव जागा ठेवायचा नियम नुकताच आला होता. माधवरावांनी तो शब्द ऐकला आणि माझ्यावर असे बसले, की माझे सांधे करकरले.

अंबादास त्यांच्याजवळ आला. "माधवराव, डबा इथंच खाऊया की. तिकडं एकट्याला कसं गोड लागंल?"

"नको. तुम्ही साहेब झालात आता. तिकडंच खा."

नऊ वर्षांच्या 'अरे अंबादास'चं एका दुपारी 'तुम्ही' झालं. अंबादास डबा घेऊन खिडकीकडे गेला. माझ्या बहिणीच्या हातांवर त्यानं आधी बोटं टेकवली, मग कोपरं.

त्या दिवसांत माधवरावांच्या अंगातून मला काय जाणवायचं, ते मीच सांगू शकते. अंबादास हसला की त्यांची पाठ ताठ व्हायची. त्याच्यासाठी चहा आला की पाय हलायला लागायचा. त्याच्या हातून पत्रात एखादी चूक झाली, तर दिवसभर ते सैल बसायचे. मी त्यांना नावं कशी ठेवू? माझंही तेच चाललं होतं. बहिणीच्या एका पायाला वाळवी लागली, तेव्हा मला रात्रभर बरं वाटलं होतं.

शेवटी माधवरावांनी अर्ज लिहिला. बढतीच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, आपल्यावर अन्याय झाला आहे. माझ्यावर बसूनच तो लिहिला, तीनदा खोडून, चौथ्यांदा सुवाच्य. पण सरकारी अर्ज थेट वर जात नाही. आधी हेडक्लार्कच्या टेबलावर जातो. म्हणजे अंबादासच्याच विरुद्धचा अर्ज अंबादासच्याच हातून वर जाणार होता.

माधवराव तो घेऊन खिडकीपाशी गेले. सगळ्यांच्या माना खाली आणि कान वर. अंबादासनं अर्ज पूर्ण वाचला.

"खाली सही हाय, तारीख न्हाय," तो म्हणाला. "तारीख न्हाय म्हणून परत पाठवत्याल. तेवढ्यात मुदत जाईल. घाला."

माधवरावांनी तारीख घातली. अंबादासनं शिक्का मारला आणि शिपाई केरबाला हाक दिली. "आजच्या टपालात घाल. राहता कामा न्हाय."

परत येऊन माधवराव पुटपुटले, "मिजास बघा. आपलं काही वाकडं होत नाही म्हणून किती खात्री."

पुढचं वर्षभर दोघांत कामापुरतं बोलणं झालं. मग वरच्या कचेरीतून चौकशीचे अधिकारी आले. दोघांची जुनी कागदपत्रं मागवली, दोन दिवस वाचली आणि दोघांना समोर बोलावलं.

"माधवराव, तुमचा अर्ज बरोबर आहे. यात अन्याय झालाय," ते म्हणाले.

माधवरावांनी मान वर केली.

"पण तो तुमच्यावर नाही. खात्याची परीक्षा जो आधी पास होतो, तो ज्येष्ठ. हे अंबादास पहिल्याच खेपेला पास झाले, तुम्ही तिसऱ्या. यांचं नाव तुमच्या वर हवं होतं. तीन वर्षांपूर्वी जमाखर्चाची वरची जागा रिकामी झाली, तेव्हाच यांची पाळी होती, आणि तीही सगळ्यांच्या रांगेतून. राखीव जागेची यांना गरजच नव्हती. त्या तारखेपासून आता यांना बढती धरली जाईल."

संध्याकाळी सगळे गेले. माधवराव माझ्यावरून उठलेच नाहीत. अंबादास पिशवी घेऊन त्यांच्यापाशी थांबला.

"तुला ठाऊक होतं?" माधवरावांनी विचारलं. वर्षानं ते 'तू' म्हणाले.

"वाटत हुतं."

"मग तूच का नाही अर्ज केलास?"

"मी केला असता तर वरचे म्हणाले असते, ह्यांना किती दिलं तरी पुरत न्हाय. वाचलाच नसता कुणी. तुमी केलासा, म्हणून वाचला."

"आणि मी दिला तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी मागं घेतला असता," अंबादास म्हणाला. "मला तो वर जायला पायजे हुता, माधवराव. लोकं मला राखीव म्हणत हुती. तुमीबी म्हणत हुता. माझं मी मिळवलंय, हे मला सरकारी शिक्क्यानिशी पायजे हुतं."

माधवरावांनी चष्मा काढून पुसला. "चटणी आणतोस का अजून?"

"आई गेली गेल्या साली," अंबादास म्हणाला. "तुमास्नी कळवलं न्हाय. बोलणं नव्हतं न्हवं आपलं."

दोघं एकदमच बाहेर पडले, एवढं मी पाहिलं.

पुढं अंबादास आणखी वर चढून सांगलीला गेला, आणि माधवराव हेडक्लार्क झाले. खिडकीकडे जाताना माधवरावांनी गादी उचलून माझ्या बहिणीवर ठेवली. मी कुणाकुणाचा हेवा केला याची गणती नाही, पण त्या गादीसाठी जेवढी जळले तेवढी कधी जळले नाही.

१९८५ च्या लिलावात माझा एक पाय हलतो म्हणून मला काढून टाकलं. फाटकाबाहेर चहाचा गाडा लावणाऱ्या धोंडुबाईनं मला घेतलं आणि पायाखाली लाकडाची चिपळी ठोकली. आता मी उघड्यावर असते. कचेरीत अर्ज देऊन आलेली माणसं माझ्यावर टेकतात. कुणाची बदली अडलेली, कुणाची बढती. प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याचंच नाव असतं.

निवृत्त माधवरावही कधीमधी येतात. माझ्यावरच बसतात, पण ओळखत नाहीत. परवा केरबानं त्यांना बातमी दिली. "अंबादाससाहेबांना आणखी बढती मिळाली की. आता पुण्याला."

माधवरावांचा पाय हलायला लागला. मला तो पाय चांगला ठाऊक आहे. मग तो थांबला.

"मिळणारच," ते धोंडुबाईला म्हणाले. "त्याची पहिली केस मी लढलोय."

धोंडुबाईनं खरं मानलं आणि त्यांना चहा जरा जास्त ओतला.

तेव्हा पावणं, अर्ज करायचा असेल तर खुशाल करा. अन्याय मुकाट सोसू नये. लिहायला बसायचं तर माझ्यावर बसा, मी अजून भार सोसते. पण हेवा मी आयुष्यभर केलाय, म्हणून एक विनंती करते. सही करण्याआधी, ज्याच्याविरुद्ध लिहिताय त्याच्या घरी सगळं बरं आहे का, एवढं विचारून या.