क्रिसांताची साठ रोपं

गावात जमीन साऱ्यांची आणि झाड लावणाऱ्याचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी एलिगियो तिऊल भरसभेत उभा राहून म्हणाला, "ती कोकोची झाडं माझ्या भावानं लावली. भाऊ गेला, आता ती माझी!"

त्याच्या विधवा भावजयीचं, क्रिसांताचं डोकंच फिरलं. "तुझा भाऊ त्या साली संत्र्यांच्या मळ्यात कामाला गेला होता! खड्डे मी खणले, रोपं मी लावली."

"साक्षीदार आण ना मग, वहिनी."

कुठून आणणार? रोपं वाहायला मदतीला आलेले काही वारले, काही गाव सोडून गेले, उरलेल्यांना विसर पडलेला. झाडं गेली तर तिच्याकडे चुलीखेरीज काही उरत नव्हतं. आणि न्यायाला बसलेला गावचा अल्काल्दे, मार्कोस इकाल, कान खाजवत म्हणतो काय, "वीस वर्षं झाली गं, कुणाला आठवतंय?"

मागच्या बाकावर इंग्रिडबाई होत्या. इथल्या केक्ची माया आदिवासींच्या जमिनीच्या रीतींचा अभ्यास करायला आलेल्या या बाई त्या साली क्रिसांताच्याच घरी राहिल्या होत्या. कोण काय पेरतं, काय खातं, कुणाला शिव्या घालतं, सगळं वहीत! जुन्या वह्या घेऊन त्या यंदा पुन्हा आल्या होत्या. एक पान उघडून त्या क्रिसांताच्या कानाशी लागल्या. "लागवडीचा दिवस यात आहे. पण तू इकालबद्दल जे बोललीस तेही आहे. तू म्हणशील तरच वाचते."

क्रिसांतानं इकालकडे पाहिलं. न्याय ज्याच्या हातात, त्यालाच भरसभेत टोमणा! पण झाडं जीव की प्राण.

"वाचा बाई. होऊ दे काय व्हायचं ते!"

बाईंनी खणखणीत वाचलं, "'आज क्रिसांताने कोकोची साठ रोपं लावली. नवरा बाहेरगावी. ती म्हणते, मेला तो मार्कोस! दोन रोपं लावली, चार वाट्या कोंबडीचा रस्सा ओरपला आणि सावलीत घोरत पडला.'"

तोच इकालची बायकोच ओरडली, "अगदी हाच तो!" आणि जो हशा उसळला म्हणता! एलिगियोलाही हसू आवरेना.

इकाल लालबुंद झाला. मग त्यानं मांडीवर थाप मारली. "आठवलं! मी होतो तिथं. दोन मी लावली, तीही हिच्याच मदतीला; बाकी सगळी हिनंच लावली. झाडं क्रिसांताची!"

क्रिसांताला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"आणि बाई," इकाल म्हणाला, "वहीत तेवढं दुरुस्त करा. चार नव्हे, पाच वाट्या. रस्साच तसा होता हो!"