दोन मिनिटं समोरच्याची

मी स्वयंपाकघरातला टायमर. गोल, पांढरा, पाठीला लोहचुंबक. मला घड्याळ म्हणू नका. घड्याळ वेळ दाखवतं, मी वेळ संपल्याचं सांगतो. शिक्षण विचाराल तर साठपर्यंत आकडे येतात. तेवढ्यावर आयुष्य काढलं. एका सेकंदाची लबाडी केली नाही. फक्त एकदा केली, ती पुढे सांगतो.

माझा जन्म इलिनॉयमधल्या एका कारखान्यातला. तपासणाऱ्या बाईने मला कानाशी धरलं, टिकटिक ऐकली आणि मान हलवली. हेच माझं प्रमाणपत्र.

माझी पहिली मालकीण टेक्सासमधल्या प्लेनो गावची शाळामास्तरीण होती. तिचा केक मी कधी जळू दिला नाही. ती म्हातारी झाली, लेकीकडे राहायला निघाली, तेव्हा तिचं सगळं सामान घरासमोरच्या ड्राइव्हवेवर विकायला मांडलं गेलं. तिथून रमाबाईंनी मला उचललं.

"हे कशाला आणलंस?" त्यांचे यजमान भानुदास म्हणाले.

"राहू द्या हो. गोड दिसतंय."

गोड! मला राग आला. पण काय करतो? रमाबाईंना माझी गरजच नव्हती. त्यांना वरण शिजल्याचं वासावरून कळायचं. मी फ्रिजच्या दारावर चिकटून राहिलो. शेजारी चुंबकाचाच एक हत्ती होता. सोंड वर, कामधंदा शून्य.

हा हत्ती भानुदासांचा. ते मूळचे नागपूरचे, पेशाने इंजिनियर, आता निवृत्त. इथले नागरिक झाल्यावर पहिल्यांदा मत द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी इथल्या रिपब्लिकन पक्षाची खूण पाहिली. हत्ती! लहानपणी वस्तीतल्या भिंतीभिंतीवर आपल्या, बाबासाहेबांच्या पक्षाचा रंगवलेला हत्ती त्यांनी पाहिला होता. "आपलाच हत्ती आहे," असं म्हणून ते आत शिरले. त्यांचे मित्र जगन्नाथ यांनाही घेऊन गेले. हा हत्ती वेगळा आहे हे पुढे कळलं. तोवर दोघांना त्या पक्षातलं बरंच काही पटू लागलं होतं. मग माघार कसली?

रविवारी भानुदासांच्या गॅरेजमध्ये दहा घरं जमायची. गाड्या बाहेर, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आत. वंदना व्हायची, मग जेवण. चौदा एप्रिलची जयंतीही तिथेच. शहाण्णव साली जयंतीचं अध्यक्षपद जगन्नाथांकडे आलं होतं.

आणि त्याच साली ती डिबेट आली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट मागणारे एकाच पक्षाचे चार उमेदवार ओळीने उभे होते. नावं विचारू नका, मला टायच लक्षात आहेत. भानुदासांचा माणूस निळ्या टायवाला. वयस्कर, थोडं देऊन थोडं घेणारा. जगन्नाथांचा लाल टायवाला. सगळ्यांना कराचा एकच दर लावा, फॉर्म फाडून टाका, म्हणणारा. दोघे एकमेकांना नकली कंझर्व्हेटिव्ह म्हणत होते. मला वाटलं, भांडण टीव्हीत आहे. थोड्या वेळाने ते सोफ्यावर आलं.

"तुझा माणूस कंझर्व्हेटिव्हच नाही," जगन्नाथ म्हणाले. "आयुष्यभर कॉम्प्रोमाइज केलंय त्याने."

"आणि तुझ्या माणसाने काय केलंय? एक इलेक्शन तरी लढलाय का?"

"तुला नवीन काही झेपतच नाही, भानुदास."

"जगन, अशा डोक्याच्या माणसाच्या हातात जयंती द्यायची म्हणजे धोकाच. यंदाही अध्यक्ष मीच राहतो."

जगन्नाथ उठले. "ठेव तुझी जयंती तुझ्याजवळ. आमची वेगळी होईल."

ते दारातून गेले. जाताना "जय भीम" म्हणाले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. चार घरं इकडे, चार तिकडे. उरलेल्या दोन घरांनी दोघांनाही "नक्की येतो" सांगितलं. रमाबाई जगन्नाथांच्या बायकोशी, शोभनाशी फोनवर बोलल्या. फोनची वायर माझ्या शेजारूनच जायची, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"दहा घरं आणि दोन जयंत्या! तिकडे भारतात आपले लोक गट पाडून पाडून दमले नाहीत, म्हणून इथेही? त्या फोटोसमोर उभं तरी कसं राहायचं गं?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग नाक ओढून म्हणाल्या, "आणि पुऱ्या मी एकदाच तळणार."

नात दीक्षा तेव्हा चौदा वर्षांची. तिने शाळेत डिबेट घेतलं होतं. सरावासाठी तिने मला फ्रिजवरून काढलं. मला फिरवायची रीत तिला बरोबर माहीत होती. दोन मिनिटं लावायची तर आधी दहाच्या पुढे न्यायचं, मग मागे आणायचं, म्हणजे स्प्रिंग नीट आवळते. ती एका बाजूने दोन मिनिटं बोलायची, मग त्याच्या बरोबर उलट दोन मिनिटं.

"अगं, आत्ता तर वेगळंच म्हणत होतीस," रमाबाई म्हणाल्या.

"आजी, दॅट्स द रूल. दुसऱ्याची साइड पण बोलावी लागते."

रमाबाईंनी कणीक मळणं थांबवलं.

रविवारी सकाळी जगन्नाथ आले. गॅरेजमधलं मोठं पातेलं त्यांचं होतं, ते न्यायला.

"न्या ना, भाऊजी," रमाबाई म्हणाल्या. "पण आधी खुर्चीवर बसा. अहो, तुम्हीही या. दीक्षा, तुझा टायमर आण. दोघांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं. भाऊजींनी निळ्या टायच्या बाजूने, तुम्ही लाल टायच्या. ज्याची दोन मिनिटं भरणार नाहीत, त्याने जयंतीची सगळी भांडी घासायची."

"हा काय पोरखेळ?" भानुदास म्हणाले.

"घाबरलास," जगन्नाथ म्हणाले.

भानुदास ताडकन उभे राहिले. दीक्षाने मला फिरवलं.

"एकच दर. म्हणजे... सोपं." पंधरा सेकंद गेले. मी टिकटिक करत राहिलो. मी कुणाला मदत करत नाही.

"म्हणजे असं की, कुणाला स्वतःचं औषधांचं दुकान टाकायचं असतं. माणूस हुशार आहे, मेहनती आहे. पण सतरा फॉर्म. दोन वर्षं तो तेच भरतो. मी बसायचो त्याच्यासोबत, ह्याच टेबलावर. शेवटी तो म्हणाला, भानुदास, राहू दे, नोकरीच बरी. असा माणूस म्हणणारच ना की फॉर्म फाडा. तो काही येडा नाही."

मी वाजलो. जगन्नाथ पातेल्याकडे बघत होते.

"आजोबा, गुड!" दीक्षा म्हणाली. "नाऊ यू, काका आजोबा."

जगन्नाथांनी घसा साफ केला. "निळ्या टायवाला. लोक म्हणतात, हा कच्चा आहे, सगळ्यांचं ऐकतो. ऐकतो, खरंय. वंदना आधी की जेवण आधी, यावर दहा घरांची दहा मतं. हा प्रत्येकाला थोडं थोडं देतो. स्वतःची गाडी पावसात ठेवतो, गॅरेज आपल्याला देतो..."

"भाऊजी, हे निळ्या टायवाल्याचं चाललंय ना?" रमाबाईंनी विचारलं.

"मध्ये बोलायचं नाही, वहिनी. माझी वेळ आहे." "असा माणूस नसता, तर आपण कधीच दहा दिशांना गेलो असतो. मी त्याला नको ते बोललो."

इथे माझी वेळ संपली होती. मी वाजलो नाही. ते वाक्य नीट पोचावं म्हणून चार सेकंद थांबलो. आयुष्यातली ती एकच लबाडी. सगळ्यांना वाटलं, स्प्रिंग जुनी झाली. दीक्षाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चूप राहिली.

मग मी वाजलो.

"अध्यक्ष तूच," भानुदास म्हणाले. "पण भाषण दोन मिनिटं."

"तुझंही."

"पातेलं?" रमाबाईंनी विचारलं.

"राहू द्या, वहिनी. कुठे उचलत बसू?"

जयंती एकच झाली. दोघांचीही दोन मिनिटं भरली होती, म्हणजे हरलं कुणीच नव्हतं. रमाबाई म्हणाल्या, मग दोघांनी घासा. दोघांनी घासली. घासताना परत कराच्या दरावरून जुंपली, पण पातेलं एकाने धरलं होतं, दुसरा पाणी ओतत होता. पक्षातून पुढे कोण निवडला गेला ते पेपरात आलं असेल. मला साठपर्यंत आकडे येतात, पेपर वाचता येत नाही.

आता नव्व्याण्णव साल संपत आलंय. माझे आकडे पुसट झालेत, पाच तर निम्मा गेलाय. दीक्षा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. मला सोबत नेते म्हणाली, तर रमाबाईंनी साफ नाही सांगितलं. "त्याचं इथे काम आहे."

काम आहेच. आज पुन्हा डिबेट आहे. नवे टाय, तोच पक्ष. रमाबाईंनी सकाळीच मला ओल्या फडक्याने पुसलं.

तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला केवळ अंड्यांसाठी ठेवू नका. भांडण वाढलं की दोन मिनिटं लावा आणि समोरच्याची बाजू बोला. आधी दहाच्या पुढे न्या, मग मागे आणा. एवढंच मागणं आहे.

दाराची बेल वाजली.

"जय भीम, वहिनी. कुठंय तो निळ्या टायवाला?"

मला फिरवा. मी तयार आहे. हत्तीचं मला माहीत नाही.