ब्रिजिटचा नववा हप्ता

माझी धाकटी बहीण ब्रिजिट बर्फावरून घसरली आणि तिचा पाय मोडला, तेव्हा मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडंसंच. त्याच आठवड्यात आईने जाहीर केलं होतं, "मी आता फ्लोरिडाला चालले. ज्या पोरीला बँक आधी कर्ज देईल, तिने हे घर घ्यावं." बोलत होती दोघींशी, पण बघत होती ब्रिजिटकडे.

आम्ही दोघी सरकारी कर्ज काढून एकाच नर्सिंग कॉलेजात गेलो. दोघींचंही शिक्षण अर्धवट राहिलं आणि दोघींचंही कर्ज थकलं. असला डाग नावावर असला की घराच्या कर्जासाठी बँक दारात उभं करत नाही. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागले, तर वसुलीवाले माझ्या पगारातूनच परस्पर पैसे कापायला लागले. वर्षभर कापले. म्हटलं, कापू देत, फिटतंय तर खरं.

ब्रिजिटने मात्र वसुली कंपनीशी करार केला. दहा महिन्यांत नऊ हप्ते वेळेवर भरायचे, की डाग पुसला. तेव्हा तिला नोकरी नव्हती, म्हणून हप्ता बसला किती? पाच डॉलर! पाच डॉलरला आमच्या स्क्रँटनमध्ये धड सँडविच मिळत नाही. पुढे बाईंना दातांच्या डॉक्टरकडे झकास नोकरीही लागली.

"अगं नोरीन, तूही फोन कर ना त्यांना," ती म्हणायची. "पगारातून कापलेलं धरत नाहीत म्हणे."

"तू भर तुझे पाच. मी घामाचे भरते," मी म्हणायचे. मला वाटायचं, मिरवतेय.

एक हप्ता चुकला तर चालतो, पण तो तिने ऑक्टोबरातच तिच्या बाळाच्या तापात चुकवला होता. आता उरला शेवटचा, नववा. बँकेत पैसे ठेवायची तिला भीती, वसुलीवाले खातंच गोठवतील म्हणून. त्यामुळे दर महिन्याला ती मनीऑर्डरचा कागद पाकिटात घालून पोस्टाने पाठवायची. या वेळी पाय प्लास्टरमध्ये. सोमवारी तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"शुक्रवारपर्यंत पोचलं पाहिजे हं. विसरशील बघ."

विसरले नाही. पाकीट गाडीच्या खणात होतं आणि मी रोज पोस्टासमोरून जात होते.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मीच त्या कंपनीला फोन लावला. म्हटलं, माझंही वर्ष झालं, माझाही डाग पुसा.

"मॅडम, हप्ते स्वतःहून भरावे लागतात," पलीकडची बाई म्हणाली. "पगारातून कापलेले त्यात धरत नाहीत."

"मग माझे वर्षभराचे पैसे गेले कुठे?"

"वसुलीच्या खर्चात, व्याजात. उरलं तर मुद्दलात."

"म्हणजे माझा खिसा कापायची मजुरीही मीच द्यायची?"

"कर्ज थकलं की तो खर्च लागतो, मॅडम. तुम्ही आजही करार करू शकता. तुमचा हप्ता चाळीस डॉलर बसेल."

मी भडकले. त्या बाईवर नाही, ब्रिजिटवर. कारण तिचंच खरं निघालं होतं. हिला पाच, मला चाळीस, आणि घरही हिलाच! गाडीत जाऊन पाकीट काढलं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं. टपालात गहाळ झालं म्हणाले असते, कुणाला कळणार होतं? मग तिचे नऊ महिने पाण्यात. तिच्याही पगाराला कात्री लागणार, तिच्याही बोडक्यावर वसुलीचा खर्च. ती अगदी माझ्यासारखी होणार. मला तेच तर हवं होतं. पण ते डोळ्यांसमोर आलं आणि मी पाकीट पर्समध्ये टाकलं. माझे दिवस कसे गेलेत ते मला माहीत होतं.

काम सुटल्यावर, पोस्ट बंद व्हायच्या आत धावत पोचले. साध्या टपालाने शुक्रवार गाठता येणार नव्हता. एक्स्प्रेसचे तीस डॉलर पडतील, खिडकीवरचा म्हातारा म्हणाला.

"आत आहे तरी काय?"

"पाच डॉलर."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाचांसाठी तीस?"

"माझा वसुलीचा खर्च समजा," मी म्हणाले आणि पैसे मोजले.

काही आठवड्यांनी ब्रिजिटचा डाग पुसला गेला. आईने पिझ्झा मागवला, घराचं ठरलं. आई आत गेल्यावर ब्रिजिट हळूच म्हणाली, "पाकीट एक्स्प्रेसने पोचलं म्हणे. मी तर तुला सोमवारी दिलं होतं."

मी पिझ्झ्याच्या कडा मोडत बसले.

तिने पर्समधून वीस-वीसच्या दोन नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. "तुझा पहिला हप्ता. चल, आत्ताच फोन लाव. पण पोस्टात मी टाकणार. तुझा काही भरवसा नाही."

बघा, दिलदारपणातही ही माझ्या एक पाऊल पुढे! हेवा वाटायचा तो वाटलाच. पण फोनवर करार झाल्यावर कुबड्या सावरत ती बर्फात उतरली, तेव्हा तिचा दंड घट्ट धरून पोस्टापर्यंत मीच तिला नेलं.