अकरा मंगळवारांचं कुलूप

शेलार गावातल्या चिंचेखाली मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. बायका, म्हातारे, रात्रपाळीची झोप मोडून आलेले यंत्रमागावरचे लूमवाले, सगळ्यांच्या हातात पासबुकं. कुणाचं पिवळ्या फडक्यात, कुणाचं हळदीकुंकवाने माखलेलं. लाल चादर टाकलेल्या चौरंगामागे कुठूनसा आलेला एक बाबा बसलेला.

"सरकार शंभरावर वर्षाला पाच देते," बाबा घोळवून घोळवून सांगे. "मां एक रात में शंभर देती है. बोला, मोठं कोण?"

रोख पैसे आणि पासबुक चादरीखाली सारायचं. दुसऱ्या दिवशी पासबुक परत मिळे, तेव्हा त्यात दुप्पट जमा. शाईने लिहिलेलं, वर शिक्का. नेम एवढाच, की अकरा मंगळवार त्यातलं काही काढायचं नाही आणि बँकेत चौकशी करायची नाही. मोडला, तर देवीआई घरातल्या माणसावर कोपणार.

गावच्या शाळेतल्या शिक्षिका सुमतीबाई शहरातल्या निजामपुऱ्यातून रोज येत. सोमवार, चतुर्थी, एकादशी त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्या बाबाला हसल्या नाहीत. हसण्याएवढं त्राण आता उरलं नव्हतं. मागे ताईतवाला आला होता, त्याआधी गुप्तधनवाला. दर वेळी त्याच बायका, तीच रांग.

शाळा सुटल्यावर गुणाबाई दारात उभी राहिली. तिच्या अनंताची चार बोटं लूमच्या पट्ट्यात गेली होती.

"बाई, पुढच्या सोमवारी शेठ भरपाई देनार. पंधराशे. अंगठा द्यायच्या आधी कागद वाचून सांगाल?"

"सांगेन की. धामणकर नाक्यावर टपरी टाकणार ना अनंता?"

"टाकंल. पन आधी आईच्या पायाशी ठेवीन. पंधराशाचं तीन हजार झालं तं रसाचं मशीनपन येल."

"आधी ठेवलेत का काही?"

गुणाबाई खाली बघू लागली. "तीनशे."

"मग त्यातले दहा काढून बघू या. चल माझ्याबरोबर बँकेत."

"न्हाय बाय. नेम मोडला नि पोराचा दुसरा हात गेला तं? तुमी उपासतापास करता, तुमाला काय सांगू."

नेम मोडायला ही बाई का भिते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? बाबाने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. पैशावर पहारा ठेवायला त्याने बायकांची श्रद्धाच कामाला लावली होती.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या. "मोडायचाच तर माझा मोडेल."

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, त्यांनी स्वतःचं पासबुक आणि पन्नास रुपये चादरीखाली सारले. बुधवारी शंभर जमा झालेले दिसले. गुरुवारी त्या बँकेच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. बाबाने घातलेला नेम मोडताना त्यांनी मनात देवाची क्षमा मागितली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

क्लार्क केसरीनाथ यांनी लेजर, म्हणजे बँकेची खातेवही, उघडून दाखवलं. "बाई, इथे शंभर नाहीत. मुळात तुम्ही काही भरलेलंच नाही. पासबुक म्हणजे नुसती नक्कल. खरं खातं हे. आणि आमच्या प्रत्येक नोंदीपुढे अधिकाऱ्याची सही असते. ती इथे कुठे आहे?"

सोमवारी सुमतीबाईंनी कागद वाचला, गुणाबाईने अंगठा दिला, पंधराशे हातात आले. बँकेतलं सगळं सांगूनही गुणाबाईने मंगळवारी बाबाकडे न्यायला नोटांचं पुडकं कमरेला लावलंच.

चिंचेखाली सुमतीबाई पुढे झाल्या. मागे केसरीनाथ होते.

"बाबा, आईने दिलेले शंभर मी काढायला गेले. बँकेत नाहीत."

बाबाने डोळे मिटले. "नेम तोड दिया! मां रूठ गई. पैसा वापस खींच लिया."

"मग पासबुकातला आकडा का ठेवला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"बँकेतून पैसे गेले तर लेजरात तशी नोंद राहते," केसरीनाथ म्हणाले. "तिथे आलेत असंही नाही, गेलेत असंही नाही. आणा तुमची पासबुकं. जिथे अधिकाऱ्याची सही नाही, ती नोंद बँकेची नाही."

पासबुकं उघडली. सगळीकडे एकच हस्ताक्षर, एकच निळी शाई. गर्दीतला म्हातारा लडकू वाकला आणि त्याने लाल चादर ओढली. चौरंगाखाली रबरी शिक्का, शाईची गादी नि दौत. रोकड थोडीच होती, बाकीची केव्हाच मुंबईला पोचली होती.

"आईचं हापिस बगा रं," लडकू म्हणाला. बाबा उठायच्या बेतात होता. चौघांनी त्याला धरून पोलीस चौकीकडे नेलं.

गुणाबाई तिथेच बसून राहिली. "माजे तीनशे?"

"मिळतीलसं वाटत नाही," सुमतीबाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायचा त्यांना कंटाळा आला होता. "पंधराशे आहेत. ऊठ."

"आनि नेम?"

"माझा मोडून पाच दिवस झाले. काही झालं का मला?"

त्या दोघी बँकेत गेल्या. पंधराशे खिडकीतून आत गेले आणि लेजरात लिहिलेलं गुणाबाईने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, वाचता येत नसूनही.

तर गोष्ट ऐकणाऱ्या माझ्या बायांनो, उपास करा, देवापुढे दिवा लावा, कोण अडवतंय? पण पैसा भरायचा तो खिडकीवर, पावती घेऊन, आणि शंका आली की बँकेतच जाऊन विचारायचं. जो तुम्हाला सांगतो की विचारू नका, दाखवू नका, विचारलंत तर घरचं माणूस जाईल, तो देवाचा माणूस नव्हे. देवाला तुमच्या विचारण्याची भीती वाटत नाही. भीती चोरालाच वाटते.