झाकणाखालची फुली

भाचीच्या नवऱ्याने जायरो जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, बिस्किटांच्या बशीला खेटून. मावशींनी आधी बशी उचलून ओट्यावर नेली, मगच खुर्चीत टेकल्या.

"अवकाशयानाचा आहे, मावशी. भंगारात हाती लागला," जावई म्हणाला. "तुमची सगळी नोकरी हेच जुळवण्यात गेली. प्रदर्शनासाठी पत्र तयार आहे. हा यानात बसवण्याच्या लायकीचा होता, एवढंच लिहिलंय. सही करा."

मावशींनी चष्मा लावून झाकण काढलं. यानाचं तोंड कुठे आहे ते जायरोतल्या ज्या चाकाच्या फिरण्यावरून कळायचं, त्या चाकावर अंगठ्याचा तेलकट ठसा होता. त्यांनी हात मागे घेतला. नोकरीत त्यांच्या जुळणीच्या खोलीत पावडर चालत नसे, केसाला तेल चालत नसे. एकजण अत्तर लावून आली, तर तिथल्या थोरल्या बाईंनी तिला अंघोळीला घरी पिटाळलं होतं. म्हणायच्या, "कणभर धूळ गेली तर यान चुकेल, आणि वर पत्ता विचारायला पानवाला नाही."

"तेल कसलं घातलंत?"

"शिलाई मशीनचं. फिरवून दाखवतो."

त्याने दोरी गुंडाळून ओढली. चाक घुमलं आणि थांबता थांबता खर्रकन अडलं, घशात कफ अडकावा तसं. मावशींच्या कानांनी ते ओळखलं. याच आवाजापायी त्यांनी एक नग अडवला होता. साहेब आठवडाभर बोलले नव्हते.

"झाकणाखाली कडेला फुली होती?"

"ओरखडा होता. घासून काढला. आता कसा आरसा झालाय बघा."

"ती फुली माझी. नापास नगावर मारायचो आम्ही."

जावई खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "नापास आहे ते मला भंगारवाल्याने सांगितलं होतं. पण मावशी, झाकण उघडून कोण बघतंय?"

अंगठ्याच्या ठशाची किळस यापुढे काहीच नव्हती. त्याने पेन पुढे सरकवलं. मावशींनी पत्राची टाचणी उपसली, कागद सुटे होऊन खाली पडले. मग झाकण उलटं धरून त्यांनी टाचणीने सावकाश, खोलवर, जुन्याच जागी फुली ओढली.

"आता ने," त्या म्हणाल्या. आजवर जावयाला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं.

बेसिनपाशी जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. त्याने टॉवेल पुढे केला.

"राहू दे. वाळतील."