रांजणीखालचा मुक्काम

कर्वेनगरात श्रीधर आणि हेमा या नवरा-बायकोच्या फ्लॅटवर दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती चार माणसं बसायची आणि राक्षस मारायची. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं, आणि पुढे काय घडेल याची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा. फासा वीस बाजूंचा. पात्र मेलं की मेलं, रडून-भेकून परत मिळत नाही. गोष्ट चालवणाऱ्याला जगभर काहीतरी इंग्रजी नाव आहे, पण श्रीधर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असला तरी मराठीच्या बाबतीत कडवा होता. त्याच्या टेबलावर त्याला सूत्रधार म्हणायचं. आणि सूत्रधार तोच असायचा.

शालूला सूत्रधार व्हायचं होतं. ती खराडीची, तिथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायची. हेमा त्याच कंपनीत तिची वरिष्ठ. दोन वर्षांपूर्वी डब्याच्या सुट्टीत हेमानं तिला या खेळाबद्दल सांगितलं आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या गाडीतून घेऊन आली. टेबलावर तेव्हा एका उंटवाल्याची जागा रिकामी होती, ती शालूला मिळाली. दोन वर्षं तिनं निमूटपणे उंट हाकला. पण दुसऱ्याची गोष्ट ऐकता ऐकता आपली सांगायची हौस तिच्यात अशी काही वाढली होती, की बढतीची यादी लागली त्या दिवशीसुद्धा ती रविवारचाच विचार करत बसली होती. शेवटी एकदा धीर करून तिनं विचारलं.

श्रीधर म्हणाला, "चालव की. एक रविवार दिला. आम्हाला जांभया आल्या तर आपला उंट आहेच."

हे काही नुसतं बोलणं नव्हतं. याआधी इंजिनिअरिंगचा एक मुलगा असाच हौसेनं आला होता आणि त्यानं आणलेला अग्निसर्प या लोकांनी चहाच्या आत संपवला होता. तो मुलगा पुन्हा दिसला नाही. ही मंडळी पंधरा-सोळा वर्षं खेळत होती. दात, नखं, शेपटी, विष असलेलं काहीही समोर ठेवा, श्रीधर त्याची दुखरी नस सांगायचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला जयसिंग तर आधी घाव घालायचा आणि मग समोर काय होतं ते विचारायचा. त्यापायी त्याचे तीन योद्धे मेले होते, हा चौथा. हेमाची वैद्यीण रेवा मात्र पहिल्या दिवसापासून तीच होती. अशा लोकांना घाम फोडायचा म्हणजे कठीणच काम होतं, आणि आठवडाभर शालूला काही म्हणता काही सुचेना.

सुचलं ते स्वयंपाकघरात. आमटीला फोडणी द्यायची होती म्हणून ती संध्याकाळी मागच्या दारच्या कढीपत्त्याकडे निघाली, तर तिची आई सोजरबाई तुळशीपाशी दिवा लावत होती.

"शालू, हात लावू नगस त्याला. दिवेलागण झाली. झाड निजलंय."

"आये, चारच पानं गं."

"चार काय न् चाळीस काय. सकाळी घे. आजची आमटी तशीच हाय म्हणायचं."

शालू तिथेच उभी राहिली. बारावीत शिकलेलं तिला आठवलं. वाळवंटातली झाडं भर उन्हात आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतात, नाहीतर सगळं पाणी उडून जाईल, आणि ती उघडतात रात्री. म्हणजे तिथलं झाड दिवसा निजतं आणि रात्री जागं होतं. मग तिला हेमाच्या बाल्कनीतली तुळस आठवली. ज्योतिषाला हसणारा श्रीधर अंधार पडल्यावर जास्वंदीला हात लावत नाही, हेही तिनं पाहिलं होतं. जयसिंगच्या घरी तर बोलायलाच नको. या तिघांनी राक्षसांवरची सगळी पुस्तकं वाचली होती, पण रात्री झाड झोपतं हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. ते आईनं सांगितलं होतं, म्हणून त्यावर त्यांनी कधी विचारच केला नव्हता. शालूला मनापासून आनंद झाला. आपल्याच माणसांना त्यांच्या आईच्या शिकवणुकीत पकडायचं, याची थोडी लाजही वाटली, पण आनंद जास्त होता.

तिनं त्या झाडाला रांजणी म्हटलं. पुरुषभर उंच, पोट रांजणासारखं फुगलेलं, वर काटेरी हात. दिवसा हे हात मिटलेले आणि अंग थंडगार, कुणीही जाऊन टेकावं असं. सूर्य बुडून अंधार झाला की हात उघडायचे आणि वाळूखालून केसांइतकी बारीक मुळं वर यायची. निजलेल्या माणसाच्या टाचेतून आत शिरायची आणि त्याच्या अंगातलं पाणी हळूहळू ओढून घ्यायची. दुखत नाही. उलट इतकी गाढ झोप लागते, की प्रवासात असं सुख नाही. पोट आणि हात जुळतात तिथे मानेवर घाव घातला की रांजणी मरते, आणि अंधार पडायच्या आत घातला तर ती बोटसुद्धा हलवत नाही. शालूनं स्वतःला एक अट घातली. खुणा सगळ्या खऱ्या ठेवायच्या. जो विचार करील तो वाचला पाहिजे, नाहीतर ती फसवणूक झाली.

रविवारी श्रीधर शालूच्या देखत पहिल्यांदाच खेळाडूंच्या बाजूला बसला. त्यानं एक म्हातारा मांत्रिक घेतला आणि खुर्ची मागे रेलून हाताची घडी घातली. शालूनं गोष्ट सुरू केली. वाळवंटापलीकडच्या गावात तापाची साथ आली आहे, उंटवालाही आजारी पडलाय, आणि औषध एकच, रांजणीचा चीक. तिघं उंट घेऊन निघाले, पाणी संपत आलं, आणि दिवस कलताना त्यांना एकटी उभी रांजणी दिसली.

"वनस्पती," श्रीधर म्हणाला. "वा. आता जाळायची म्हटलं तर चीकही जळणार. एवढा विचार केलेला दिसतोय."

"खाली हाडं पडलीयेत," शालू म्हणाली. "माणसांची."

जयसिंग पुढे वाकला. "कशी पडलीयेत? मारामारी झालेली दिसते का?"

"नाही. सगळे आडवे झालेले. चपला काढून उशाशी ठेवल्यात."

"उष्माघात," श्रीधरनं निकाल दिला. "पुढे."

"उंट झाडाजवळ बसायला तयार नाही. ओढला तरी मागे सरतोय."

"तुझाच उंट तो. दोन वर्षांत कुठे बसलाय?"

सगळे हसले. शालूही हसली. दोन खुणा देऊन झाल्या होत्या. आता सगळं हेमावर होतं, कारण चीक काढणार वैद्यीण.

हेमानं विचारलं, "सूर्य कुठे आहे?"

"टेकला आहे. थोडा उजेड आहे अजून."

"तिन्हीसांजेला नको," हेमा म्हणाली. "रेवा अशा वेळी झाडाला हात लावत नाही. सकाळी त्याला हात जोडून मग काढू."

जयसिंगनं मान डोलावली. श्रीधर, जो साध्या पोह्यांवरही वाद घालतो, तो म्हणाला, "हो, सकाळीच." आणि तिघांनी रांजणीच्या बुंध्याशी पथाऱ्या पसरल्या. जयसिंगचा योद्धा पहाऱ्याला बसला तोसुद्धा झाडाला टेकून.

शालूनं रात्र सांगितली. वाळू गार पडली, वर कुठेतरी काटे एकमेकांवर घासल्याचा आवाज झाला. मग तिनं तिघांना फासे टाकायला सांगितलं. जयसिंगला तीन पडले, श्रीधरला सहा. दोघांचे डोळे मिटले. हेमाला सतरा पडले, आणि रेवा जागी झाली.

चांदण्यात रेवाला सगळं दिसलं. योद्ध्याच्या पोटऱ्या सुकून काटक्या झाल्या होत्या. मांत्रिकाच्या दोन्ही टाचांतून पांढरे तंतू वाळूत गेलेले होते, आणि एक तंतू तिच्या स्वतःच्या टाचेत होता. वर काटेरी हात पूर्ण उघडले होते. झाड जागं होतं.

श्रीधरच्या हाताची घडी सुटली. "अरे, छिद्रं," तो स्वतःशीच म्हणाला. "रात्री उघडतात. मला माहीत आहे हे." शालूला त्या क्षणी जे वाटलं ते तिला ऑफिसात कधीच वाटलं नव्हतं.

"रेवाच्या कमरेला विळा आहे," ती हेमाला म्हणाली. "पोट आणि हात जुळतात तिथे एक घाव घातलास तर मुळं सुटतील."

हेमानं फासा टेबलावर नुसता फिरवला.

"ताई, मी सुकतोय इथं," जयसिंग म्हणाला.

"इतक्या वर्षांत रेवानं रात्री पान तोडलं नाहीये," हेमा सावकाश म्हणाली. "एकदाही नाही. तुम्ही तापानं फणफणला होतात तेव्हाही ती सकाळपर्यंत थांबली होती." मग तिनं शालूकडे पाहिलं. "रेवा हात जोडते. झाडाला म्हणते, या दोघांना सोड. हवं तर मी इथे बसते."

तिघंही शालूकडे बघत होते. झाडानं तिचं ऐकलं, एवढंच म्हणायचं होतं. दोघं सुटले असते, गोष्ट गोड झाली असती, श्रीधरनंही दाद दिली असती. पण शालूनं ते झाड त्या संध्याकाळपासून डोळ्यांसमोर वाढवलं होतं. त्याला भूक होती आणि मुळं होती. कान नव्हते.

"त्याला ऐकू येत नाही, ताई," ती म्हणाली. "आणि या बोलण्यात वेळ गेलाय."

हेमानं खाली बघून मान हलवली. "मग रेवा विळा उचलते," ती म्हणाली. "कापते."

रांजणीचं पोट फुटलं, चीक आणि पाणी वाळूत वाहिलं, मांत्रिक आणि योद्धा खोकत उठून बसले. राहिली रेवा. तिच्या अंगात किती पाणी उरलं होतं, ते फासा ठरवणार होता. हेमानं टाकला. चार पडले.

किती हवे होते, ते शालूनं सांगितलं नव्हतं. हवे होते दहाच्या वर. शालूनं हेमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हिनंच आपल्याला इथे आणलं, गाडीतून, पहिल्या दिवशी सगळ्यांची ओळख करून दिली, आणि आपण हिचंच माणूस मारायला निघालो. चार पुरेसे आहेत, असं म्हटलं असतं तर कुणी तपासणार नव्हतं. शालूनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"रेवा विळा हातात धरूनच वाळूवर बसली," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही तिला हलवलंत तेव्हा ती गेली होती."

हेमा उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. जयसिंग चष्मा पुसत बसला. श्रीधर फासे गोळा करून डबीत भरायला लागला. जांभई कुणालाच आली नव्हती, पण शालूला आता त्याचं काही वाटत नव्हतं. तिनं पिशवी घेतली, "येते" म्हणाली आणि जिना उतरली. लिफ्टची वाट बघणंही तिला नको होतं.

पार्किंगमध्ये ती स्कूटरला किल्ली लावत होती तेवढ्यात हेमा खाली आली. चपलाही धड घातल्या नव्हत्या. डोळे लाल झाले होते आणि ते लपवायचा तिनं काही प्रयत्न केला नाही.

"किती हवे होते?"

"दहाच्या वर."

"चारलाही हो म्हटलं असतंस तर?"

"कुणाला कळलं नसतं," शालू म्हणाली. "ताई, मला खरंच खूप वाईट वाटतंय."

"मला कळलं असतं." हेमानं ओढणीनं नाक पुसलं. "मला नेहमी कळतं. श्रीधर किती हवेत ते कधीच सांगत नाही. मी दोन टाकले तरी म्हणतो, वाचलीस, थोडक्यात. जयसिंगची तीन माणसं गेली आणि माझ्या रेवाला कधी खरचटलंसुद्धा नाही. तुला काय वाटतं, मी इतकी नशीबवान आहे?"

शालूनं स्कूटरची किल्ली परत काढून घेतली.

"आज फासा हातातून सुटला तेव्हा मी घाबरले. पहिल्यांदा," हेमा म्हणाली. "पुढच्या रविवारी तूच चालव. बाकीच्यांशी मी बोलते. मला नवीन बाई तयार करायचीय."

ती जिन्यापर्यंत गेली आणि पुन्हा वळली.

"आणि हे श्रीधरला सांगू नकोस. त्याला वाटतं, मला माहीत नाही."